ट्रॅक्टर बदलणाऱ्याची साक्ष

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात ट्रॅक्टर घ्यायचा ठरला, की शोरूमची पायरी चढण्याआधी माणूस आधी घेतलेल्यांना विचारून येतो. यात शहाणपण आहे. व्यवहार सात-आठ लाखांचा, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि हप्ते फेडायचे ते सोयाबीन, कापूस, तुरीच्या भावावर किंवा मांजरा धरणाच्या भरवशावर लावलेल्या उसावर. अशा वेळी कंपनीच्या रंगीत पत्रकापेक्षा शेजाऱ्याचा शब्द वजनदार ठरतो. त्यातही एकाच्या शब्दाला सर्वांत जास्त मोल येते. आठ-दहा वर्षे एका कंपनीचा ट्रॅक्टर चालवून ज्याने आता दुसऱ्या कंपनीचा घेतला, तो हा माणूस. त्याने दोन्ही पाहिले आहेत, त्याला कुणाची बाजू घ्यायचे कारण नाही, असे आपण धरून चालतो. मला हे गृहीतक चुकीचे वाटते. कंपनी बदलली म्हणून माणसाची तरफदारी संपत नाही, ती नव्या दारात जाऊन बसते आणि पुष्कळदा आधीपेक्षा कडवी होते. तरीही त्याची साक्ष मोलाची ठरू शकते. त्यासाठी मात्र त्याने काही गोष्टी कुणी न विचारता सांगितल्या पाहिजेत.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आपल्याकडे तट पडतात हे कुणाला सांगायला नको. महिंद्रावाले, स्वराजवाले, मॅसीवाले, जॉन डिअरवाले अशी माणसांची ओळखच होऊन जाते आणि पारावरच्या वादात कंपनीची बाजू घराण्याच्या बाजूसारखी लढवली जाते. या वादांचा पाया किती भक्कम आहे हे मालकीचा इतिहास पाहिला तर कळते. महिंद्राने 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. स्वराजचा जन्म वेगळा. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखणी झालेला हा देशी ट्रॅक्टर पंजाब ट्रॅक्टर्सने 1974 साली बाजारात आणला. पण 2007 साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनीच महिंद्राने घेतली. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय 2005 साली मॅसी फर्ग्युसन बनवणाऱ्या चेन्नईच्या टॅफेकडे गेला. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक ही दोन्ही नावे एस्कॉर्ट्सचीच, आणि 2022 पासून त्या कंपनीवर जपानच्या कुबोटाचे नियंत्रण आहे. म्हणजे महिंद्रा सोडून स्वराजकडे गेलेला शेतकरी ज्या मालकाला सोडल्याच्या आवेशात बोलतो, पैसे त्याच मालकाकडे भरतो. मालक एक म्हणून यंत्र एक होत नाही, हे खरे. कारखाने निराळे, इंजिने निराळी, गिअरपेटी निराळी. पण मग वाद इंजिनाचा आणि गिअरपेटीचा व्हायला हवा. तो होतो नावाचा. हा काही आपल्याच मातीचा गुण नाही. अमेरिका-कॅनडाच्या थंड मुलखात बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलवरून असेच तट आहेत. पोलारिसवाले आणि आर्क्टिक कॅटवाले पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना नावे ठेवतात, आणि एडगर हेटीन या एकाच माणसाचा हात मिनेसोटातल्या या दोन्ही कंपन्यांच्या स्थापनेत होता.

तट असणे ही एक गोष्ट झाली. तट सोडणारा मोकळा का होत नाही, हे समजायला मानसशास्त्रातले दोन जुने अभ्यास उपयोगी पडतात. जॅक ब्रेम याने 1956 साली काही स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला लावले आणि त्यांतले एक भेट म्हणून निवडू दिले. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तेव्हा घेतलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि नाकारलेल्या वस्तूचे घटले होते. वस्तू त्याच होत्या, मध्ये फक्त निवड घडली होती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात नव्याने मोटारगाडी घेतलेल्यांची चौकशी केली होती. विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा हे लोक स्वतः घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते. खरेदी उरकल्यावर जाहिरात वाचायची गरज काय? आपण चुकलो नाही, एवढे ऐकण्याची ती गरज. लिऑन फेस्टिंगरने 1957 साली या अस्वस्थतेची उपपत्ती मांडली. आता हेच आपल्या शेतकऱ्याला लावून पाहा. त्याने वस्तू भेट घेतलेली नाही, कर्ज काढून घेतली आहे. शिवाय जुन्या ट्रॅक्टरचे गुण त्याने दहा वर्षे चारचौघांत गायले आहेत, तेव्हा शब्द फिरवल्याचे कारण त्याला द्यावेच लागते. एकाच कंपनीला चिकटून राहिलेल्याला असे काहीच सिद्ध करायचे नसते. बदलणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: नवे चांगले आहे, आणि जुने सोडण्याच्याच लायकीचे होते. म्हणून त्याच्या तोंडी जुन्या ट्रॅक्टरचे दोष असे येतात, की एवढे दोष असताना तो दहा वर्षे चालला कसा, असा प्रश्न पडावा.

खोटे बोलायचा हेतू यात सहसा नसतो, आणि म्हणूनच ही गोष्ट पकडायला अवघड. ‘नवा ट्रॅक्टर डिझेल कमी खातो’ हे सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य घ्या. कशापेक्षा कमी? समोर असतो तो आठ-दहा हजार तास चाललेला, पिस्टन-रिंगा झिजलेला, नोझल धरलेला, एअर क्लीनर वेळेवर न धुतलेला ट्रॅक्टर. त्याच्यापुढे कोणत्याही कंपनीचा नवा ट्रॅक्टर काटकसरीच ठरेल, त्याच कंपनीचा नवा घेतला असता तरी ठरला असता. ही कंपन्यांची तुलना नव्हे, वयाची तुलना आहे. दुसरे असे की बदलताना माणूस बहुधा वरच्या ताकदीचा ट्रॅक्टर घेतो, पस्तीस-चाळीस एचपीवरून पंचेचाळीस-पन्नासवर जातो. मोठा ट्रॅक्टर तासाला जास्त डिझेल घेईल, पण रुंद अवजार ओढून एकर लवकर उरकेल. तासाचा हिशेब धरला तर तो खादाड दिसतो, एकराचा धरला तर काटकसरी, आणि ज्याला जे सिद्ध करायचे तो ते माप उचलतो. तिसरी गोष्ट जमिनीची. काळ्या भारी रानात ओल कमी-जास्त झाली किंवा पलटी नांगराची खोली दोन-तीन इंचांनी बदलली, तरी डिझेलचा आकडा एवढा हलतो की कंपनीकंपनीतला फरक त्यात बुडून जावा. गेल्या वर्षी उन्हाने टणक झालेल्या रानातली नांगरट आणि यंदा वळवाचा पाऊस पडल्यावरची नांगरट यांची तुलना करून कंपनीला पदक देणे हा अन्याय आहे. टायर नवे की गुळगुळीत, चालवणारा मालक की रोजाने आलेला ड्रायव्हर, हेही यात आलेच. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्यांची इंजिनेही बदलली. त्या गटात आधीचा आणि नंतरचा ट्रॅक्टर शेजारी उभा केला, तर कंपन्यांच्या जोडीने दोन काळांचे तंत्रज्ञानही मापले जाते, आणि कशामुळे काय झाले हे नुसत्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही.

ताकदीच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडायचे, ओढाओढी करायची आणि जिंकणाऱ्याची चित्रफीत मोबाइलवर फिरवायची, हा पुरावा आता सर्रास दिला जातो. या खेळात निकाल बहुतेक वेळा इंजिन लावत नाही. मागच्या चाकांवर वजन किती आणि टायरची जमिनीवर पकड किती, यावर ओढ ठरते. चाक जागेवर फिरू लागले की उरलेली ताकद वाया गेली. चाकांना जादा वजने लावलेला, टायरात पाणी भरलेला कमी एचपीचा ट्रॅक्टर मोठ्या ट्रॅक्टरला फरफटत नेऊ शकतो. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्र चाचणी संस्था 1955 पासून आहे. तिथे पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, प्रत्यक्ष मिळणारी ताकद, ठरावीक कामाला लागणारे इंधन, ओढ, लिफ्टची उचल हे सारे एकाच पद्धतीने मोजले जाते आणि ट्रॅक्टर खोलून सुट्या भागांची झीजही पाहिली जाते. हे अहवाल लोकांसाठी खुले आहेत. बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो, रोटाव्हेटरला पोचणारा त्याहून कमी, हे ज्याने एकदा समजून घेतले तो पत्रक निराळ्या नजरेने वाचील. अहवालांनाही मर्यादा आहेत. चाचणी नव्या यंत्राची असते; पाचव्या वर्षी हायड्रोलिक गळेल का, आणि तो भाग केजला मिळेल की पुण्याहून मागवावा लागेल, हे त्यात सापडणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला पुष्कळ अंशी मान्य आहे. आक्षेप असा: गावातली कंपनीनिष्ठा ही आंधळी नसून तीत पिढीचे व्यवहारज्ञान साठलेले असते. ज्या कंपनीचे दहा ट्रॅक्टर शिवारात आहेत तिचे काम जाणणारा फिटर जवळ मिळतो, सुटे भाग तालुक्याला मिळतात, अडल्या वेळी शेजाऱ्याचे अवजार आपल्या ट्रॅक्टरला बसते आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक सापडते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या रस्त्यावर धावणारा ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर होणारे नुकसान कुठल्याही डिझेलबचतीपेक्षा मोठे. हे सगळे बरोबर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला, ही हकिगत आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगतो. मला ती तशी पुरती वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून देत होता. लोखंडी नांगर मोडला तर दुरुस्ती कुणी करायची, या शंकेत तथ्य होते. खरी अडचण ‘दुरुस्ती कोण करणार’ ही, आणि बोलून दाखवलेले कारण ‘जमीन विषारी होते’ हे. आजच्या निष्ठेची गतही तीच आहे. ‘याचा फिटर इथे आहे’ हे खरे आणि पुरेसे कारण असताना माणूस म्हणतो, ‘याच्यासारखे लोखंड दुसऱ्या कुणाचे नाही.’ पहिले वाक्य ऐकणाऱ्याला तपासता येते आणि त्याची परिस्थिती निराळी असेल तर निराळा निर्णय घेता येतो. दुसऱ्याने हातात काहीच लागत नाही. आक्षेप मान्य करूनही माझी मागणी म्हणून कायम राहते: ज्या कारणाने निर्णय घेतला, तेच कारण सांगावे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. पाडव्याला किंवा दसऱ्याला हार घालून, नारळ फोडून दारात आणलेला ट्रॅक्टर हे निव्वळ यंत्र नसते. बैलबारदाना मोडून, पै-पै जोडून घेतलेल्या त्या वस्तूचा अभिमान माणसाने का धरू नये? जरूर धरावा. कोरडवाहू मुलखात, जिथून दर हिवाळ्यात हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे दारात ट्रॅक्टर उभा राहणे याचा अर्थ काय हे बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. पण अभिमान ही स्वतःपुरती गोष्ट आहे आणि सल्ला दुसऱ्याच्या कर्जाशी बांधलेला असतो. विचारायला आलेला तरुण भाड्याने नांगरट करून हप्ते फेडायच्या बेतात असेल, तर आपल्या समाधानाचे रूपांतर त्याच्या कर्जात होते. तिथे अभिमान बाजूला काढून बोलणे हे मी सभ्यतेचे किमान माप मानतो.

मग साक्ष द्यायची कशी? शास्त्रज्ञ होण्याची गरज नाही. टाकी काठोकाठ भरून, त्याच नांगराने, त्याच खोलीवर एक एकर नांगरावे आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती डिझेल लागले ते वहीत लिहावे. जुना ट्रॅक्टर विकण्यापूर्वी लगतच्याच पट्ट्यात हे एकदा केले, तर आयुष्यभराच्या वादाला दोन आकडे मिळतात. त्या आकड्यांपुढे जुन्या ट्रॅक्टरचे झालेले तास लिहिले, म्हणजे वयाचा फरकही ऐकणाऱ्यापुढे येतो. बदलण्याआधी आपण नेमके कशासाठी बदलतो आहोत हे लिहून ठेवावे, कारण नंतर कारणे आपोआप वाढत जातात. नव्या ट्रॅक्टरचा किमान एक दोष सांगता येत नसेल, तर त्याच्याविषयी बोलायला अजून वेळ आहे असे समजावे. जुन्याचा एखादा गुण आठवत नसेल तर स्मरणशक्तीवर शंका घ्यावी. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल कुठून काही मिळत असेल, मग ती फुकटची सर्व्हिसिंग का असेना, तर ते आधी सांगावे, कारण ते कळल्यावर ऐकणारा बाकीचे शब्द निराळ्या तराजूत घालील. याने सांगणाऱ्याचे वजन कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. माझा अंदाज उलटा आहे. ‘हा ट्रॅक्टर मला आवडतो, पण याचा फिटर अंबाजोगाईहून बोलवावा लागतो’ असे म्हणणाऱ्यावर गाव पुढच्या वेळीही विश्वास ठेवील.

आणि विचारायला जाणाऱ्याच्याही हाती काही आहे. स्टॅनफर्डच्या एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवले की पूर्वग्रह दुसऱ्यांत जेवढा दिसतो तेवढा तो स्वतःत आहे असे लोक मानत नाहीत. म्हणून ‘तुम्ही बाजू घेऊन तर बोलत नाही ना’ असे विचारण्यात अर्थ नाही, प्रत्येक जण मनापासून नाहीच म्हणेल. त्यापेक्षा कंपनी बदललेल्याला एवढेच विचारावे, की तुमचा जुना ट्रॅक्टर असाच कोरा होता तेव्हा पहिल्या वर्षी तुम्ही त्याच्याविषयी काय सांगत होता. आज नव्याचे जे गुण तो सांगतो आहे, त्यांतले किती तेव्हा जुन्याचे म्हणून सांगितले होते हे त्याने प्रामाणिकपणे आठवले, तर त्यांतून उरतील तेवढेच गुण कर्जाचा कागद करताना हिशेबात धरावेत.