चोर कुणाला म्हणायचं?



आजचं वाचन गीतेचा तिसरा अध्याय, श्लोक १० ते १६. यातला बारावा श्लोक मी आजवर पन्नासदा तरी वाचला असेन. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो तो चोरच, असा त्याचा सरळ अर्थ आहे. दरवेळी वाचून मी पुढे जायचो, कारण चोर म्हटलं की डोळ्यांसमोर दुसराच कुणीतरी यायचा. यंदा फाल्गुनात आठ दिवस गावी राहिलो आणि हा श्लोक थेट अंगावर आला. म्हणून आज थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा आणि अहमदपूरच्या मधे, हायवेपासून आत. अडीच एकर रान. पावसाळ्यात सोयाबीन, मग थोडा हरभरा, आणि हरभरा निघाला की उन्हाळी माळवं. भेंडी, गवार, दोडका, काकडी, कडेला वाफ्यात कोथिंबीर. आठ दिवस मी लॅपटॉप घेऊन आखाड्यावरच होतो. सकाळी लागवड, अकरानंतर लिंबाखाली बाज टाकून ऑफिसच्या मीटिंग. पाठीमागे म्हैस ओरडली की टीममधले सगळे हसायचे.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वहिनी रात्रीच भेंडीचं बी पाण्यात भिजवते. सकाळी ते फडक्यात बांधून, निथळून शेतात आणायचं. दादानं सऱ्या पाडून ठिबकच्या नळ्या आधीच अंथरलेल्या असतात. जिथं थेंब पडून माती काळी झाली तिथं बोटभर खोल दोन बिया टोकायच्या. वीतभर सरकायचं, पुन्हा दोन. पहिल्या तासात हे अगदी सोपं वाटतं. दुसऱ्या तासात कंबर बोलायला लागते. आबा सत्तरीच्या पुढचे आहेत, ते शेजारच्या सरीत तोंडानं हरिपाठ म्हणत माझ्या दुप्पट पुढे गेलेले असतात. दीड महिन्यानं भेंडी लागली की एक दिवसाआड तोडा. भेंडीच्या लवेनं हात इतके खाजतात की वहिनी जुने सॉक्स हातात घालून तोडते. मग कॅरेट भरायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि दादा उजाडायच्या आत बाजाराला निघतो. पहिल्या तोड्यातली ओंजळभर भेंडी मात्र आधी गावातल्या विठ्ठल मंदिरात जाते, मगच बाकीची विकायला. आबांनी हे आयुष्यात कधी चुकवलेलं नाही.

श्लोकाचा हिशोब तर इथंच पूर्ण होतो ना? दिलं, मग खाल्लं. मलाही तसंच वाटायचं.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी घरी बोअर पाडून दिला. पैसे माझे, साडेचारशे फूट खोल. पाणाड्यानं नारळ उभा करून जागा दाखवली. मी इंजिनियर माणूस, मनात हसलो, पण पाणी लागलं, दोन इंची. सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्याआधी आमची उन्हाळी लागवड जेमतेम दहा गुंठे असायची. गेल्या वर्षी ती तीस गुंठ्यांवर गेली. दादानं पहिल्यांदा कर्ज न काढता पोरीची फी भरली.

आणि त्याच वर्षी, पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत, धुऱ्यापलीकडच्या काकूंची विहीर आटली.

काकूंची विहीर बेचाळीस फूट, त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. काका गेले, मुलगा बाहेरगावी कंपनीत. काकू एकट्या दहा गुंठ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर करतात आणि जुड्या बांधून आठवडी बाजारात बसतात. त्या विहिरीला मृगापर्यंत हातभर का होईना पाणी असायचं. गेल्या वर्षी तळ दिसला. काकू आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं आमच्याकडे येणं कमी झालं.

यंदा लागवडीच्या आधी मी घरात विषय काढला. आबा म्हणाले, "पाण्यावर काय कुणाचं नाव लिहिलंय का?" दादा म्हणाला, "शिवारात एवढे बोअर हायत, आपलाच कसा दिसला तुला?" खरं सांगू, दोघांचंही मला पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. रात्री बसून मी स्वतःसाठी वकिली केली. १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे. जमिनीखालचं पाणी ठरावीक प्रवाहात वाहत नसेल, तर ते आपल्या हद्दीत उपसायचा हक्क तो जमीनमालकाला देतो. वा! मग राज्याचा २००९ चा भूजल कायदा वाचला. तो ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जाणाऱ्या विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर बंधनं घालतो. हा कायदा मी बोअर पाडायच्या आधी वाचायला हवा होता. वाचला नव्हता. ही माझी चूक, आणि ती इथं लिहून ठेवतो.

दुसरा बचाव भूगर्भाचा. आपल्याकडे काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेत. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि थरांमधल्या भेगांत. काकूंची विहीर वरचं पाणी पिते, आमचा बोअर खालचं. दोन्हींचा संबंध आहे हे सिद्ध कोण करणार? आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच करतो. सर्व्हर बंद पडला की आधी लॉग मागतो. पुरावा नाही ना, मग आमचा बग नाही.

तिसरा बचाव सगळ्यात गोड. आपली तीस गुंठे भेंडी ती काय? लातूर भागात बारा महिने पाणी पिणारा ऊस उभा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, टीव्हीवर बघून हळहळलो होतो आणि उसावर, पुढाऱ्यांवर तावातावानं बोललो होतो. दोष मोठा असला की आपला वाटा त्यात विरघळून जातो, दिसतच नाही.

चौथ्या रात्री लाईट गेली. मोटार बंद. मी टॉर्च घेऊन बोअरपाशी गेलो आणि उगाच झाकण सरकवून कान लावला. आत पाणी पडत होतं. टप टप नाही, बारीक धार खोलवर पडल्याचा आवाज. केसिंगचा पाईप कातळ लागेपर्यंतच असतो, आमचा वीस फूट. त्याखाली उघडं भोक. मधल्या एखाद्या भेगेतलं पाणी, जे आडवं जात कुणाच्या तरी विहिरीत झऱ्यासारखं आलं असतं, ते आमच्या भोकात कोसळत होतं. माझा लॉग मला मिळाला होता.

सकाळी बोअरवाल्याला फोन केला. आतून दुसरा पाईप त्या झऱ्याच्या खालपर्यंत सोडून बाहेरची फट बंद करता येईल का? तो म्हणाला, बघता येईल, पण मोटार काढावी लागेल, आणि खात्री काही नाही. मी हे घरात सांगितलं. आबा पटकन म्हणाले, "मग आपलं पाणी कमी होईल की!"

बोलून गेले आणि गप्प झाले. दादाही गप्प. चार दिवस आम्ही तिघं मिळून सांगत होतो की दोन्ही पाण्यांचा काही संबंध नाही.

मला आता वाटतं की या श्लोकातली चोरी कुलूप तोडायची नाहीच. दहाव्यापासून सोळाव्यापर्यंत सलग वाचा. अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञातून पाऊस, यज्ञ कर्मातून, असं एक चाक देव दाखवतो. चोर तो, ज्याच्या हातात आल्यावर ते चाक थांबतं. त्यानं कुणाच्या घरात पाऊल ठेवलेलं नसतं. वस्तूही हक्काची असू शकते, कागदावर तर असतेच. आणि थांबलेलं चाक ओंजळभर भेंडीनं पुन्हा फिरत नाही. काकूंच्या झऱ्याच्या पाण्यावर पिकलेला नैवेद्य आम्ही विठ्ठलाला दाखवत होतो आणि वरून पुण्य आमच्या नावावर लिहीत होतो. तो नैवेद्य खरं तर अर्धा काकूंचा होता. हे लिहितानाही कसंतरी होतंय, कारण आबांच्या भक्तीबद्दल मला तिळभर शंका नाही.

सावता महाराजांची आठवण इथं येणारच. ऑफिसात 'काम हीच पूजा' म्हणताना आपण त्यांचं नाव सहज घेतो. अरणच्या मळ्यात ते राबत राहिले, पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी कथा आहे. पण मी विचार करत होतो मोटेचा. त्या काळी पाणी मोटेनं काढायचं. बैल दमले की उपसा थांबला. विहिरीत डोकावलं की किती उरलंय ते दिसतं, रात्रभर झरे भरू द्यावे लागतात. मर्यादा त्या अवजारातच होती. आमची मोटार साडेतीनशे फुटांवर अंधारात आहे, तिला काहीच दिसत नाही, आणि स्टार्टर दाबणाऱ्यालाही नाही. म्हणजे जी मर्यादा पूर्वी चामडं आणि बैल सांभाळायचे, ती आता माणसाला मनात बाळगावी लागते. काम पूजा होतं ते तेव्हा, नुसतं मन लावून केल्यानं नाही. मन लावून तर आम्ही गेल्या वर्षीही केलं होतं.

मी काकूंकडे गेलो. आधी पैसेच पुढे केले, शहरात राहून हीच सवय लागते. काकू म्हणाल्या, "पैशाला काय करू बापू? पैसे ओतून मेथी उगवती का?" मग ठरलं ते असं. आमची लागवड तीसऐवजी वीस गुंठे. थ्री फेज लाईट असेल त्या पाळीत एक दिवसाआड सव्वा तास पाणी धुऱ्यावरून पाईपनं काकूंच्या हौदात. पावसाळा लागला की मोटार काढून पाईपचा प्रयोग करायचा, आमचं पाणी कमी झालं तरी.

इथं संपलं असतं तर पोस्ट छान झाली असती. पण निघायच्या आदल्या रात्री दादा म्हणाला, "श्लोक तू वाचलास, गुंठे माझे गेले." मी म्हटलं, दहा गुंठ्यांचं जे काय उत्पन्न बुडेल ते मी पाठवतो. तर तो भडकला. "मला पगार देणार का तू?" वहिनीनं ताट वाढलं, आम्ही न बोलता जेवलो. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. बोअर पाडताना पैसा माझा होता, थांबवताना घाम त्याचा जातोय, आणि धर्माची गोष्ट इथं लिहून शाबासकी मी घेणार. दुसऱ्याच्या ताटातलं काढून केलेलं दान, त्याला काय म्हणायचं? बारावा श्लोक या बाजूनंही वाचता येतो, हे मला दादानं शिकवलं.

त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच ठरवलंय की तोड्याच्या दिवसांत दर महिन्याचे आठ दिवस गावी जायचं, रजा टाकून. पैसे नाही, हात. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "सॉक्स घेऊन ये, जाड."

काल रात्री अकराला त्याचा पुन्हा फोन आला. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. मागे मोटारीचा आवाज येत होता. मी विचारलं, भेंडी भिजवतोयस का. म्हणाला, "नाही, काकूंचा हौद भरतोय. झोप तू."