उसंत कोणाच्या नावावर?

नेदरलँड्समध्ये घरच्या किंवा जवळच्या माणसाचे दुखणे विनामोबदला काढणारे सुमारे 50 लाख लोक आहेत. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे. शुश्रूषेसाठी देशव्यापी सक्तीचा विमा 1968 पासून चालवणाऱ्या या देशाने 2015 मध्ये ती घडी मोडली. ज्यांना कायमची देखरेख लागते त्यांचा खर्च केंद्रीय व्यवस्थेकडे राहिला, घरी राहणाऱ्यांना आधार देण्याचे बरेचसे काम नगरपालिकांकडे गेले. त्याआधी, सप्टेंबर 2013 मध्ये, राजे विलेम-अलेक्झांडर यांनी संसदेपुढील भाषणात ‘सहभागी समाजा’ची भाषा केली होती. घरोघरी तिचा अर्थ झाला तो असा: आधी घरच्यांनी करावे, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आणि उरलेसुरले सरकारने.

मदत मागितली की पालिकेचा माणूस घरी येतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चौकशी करतो. केरवारे कोण करते, बाजारहाट कोण करते, बिले कोण भरते? एका छपराखाली राहणाऱ्या नवरा-बायकोने वा मुलांनी जे नेहमीचे म्हणून करायचे, ते मदतीतून वजा होते. काळजी घेणाऱ्याला कितपत झेपते, हेही पालिकेने तपासावे असे कायदा सांगतो, आणि ही तरतूद मोलाची आहे. पण खरी मेख पुढेच आहे. काळजी घेणाऱ्याचा भार हलका व्हावा म्हणून रुग्णाला काही दिवस संस्थेत ठेवण्याची सोय 2015 च्या कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. मंजूर मात्र ती रुग्णाच्या नावावर होते. थकते बायको, आणि सोय नवऱ्याच्या नावावर. तो नको म्हणाला की तिची उसंत तिथेच संपली. नोकरदारांना आठवड्याच्या कामाच्या तासांच्या दुप्पट रजा वर्षभरात किमान 70 टक्के पगारावर मिळते, पण ती शुश्रूषा करण्यासाठी. शुश्रूषेतून चार दिवस मोकळे होण्यासाठी नव्हे.

म्हणून उसंतीचा हक्क काळजी घेणाऱ्याच्याच नावावर हवा. स्कॉटलंडच्या संसदेने 2025 मध्ये ती दिशा धरली: काळजी घेणाऱ्याला पुरेशी विश्रांती मिळेल अशी मदत करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. यावर पहिला आक्षेप माणसांच्या तुटवड्याचा, आणि तो खरा आहे. पण हक्क नसला म्हणून तुटवडा संपत नाही. तो निमूटपणे एकाच बाईच्या अंगावर पडतो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती कोसळली की रुग्णाला कायमचे संस्थेत न्यावे लागते, आणि तो खर्च कितीतरी मोठा. दुसरा आक्षेप मायेचा: आपल्या माणसाचे करताना हक्क कसले मागायचे? आपल्याकडे हा अधिकच जोरात येईल. आई-वडिलांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा मुलांना जबाबदार धरतो. प्रत्यक्षात रात्री उठून बसणाऱ्या सुनेच्या विश्रांतीबद्दल त्यात अवाक्षर नाही. माया आटते ती थकव्याने, सुटीने नव्हे.

सर्वांत अवघड आक्षेप रुग्णाचा आहे. परक्या जागी राहायला नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो राहिलाच पाहिजे. मात्र माझे सगळे हिनेच करावे, असा आग्रह त्या अधिकारात बसत नाही. दोन्ही राखायचे तर बदली माणूस घरी येऊन राहण्याची सोय हवी, तिच्यासाठी अर्ज काळजी घेणाऱ्याला स्वतःच्या नावाने करता यायला हवा, आणि वर्षातले किमान दिवस पालिकेपालिकेच्या मर्जीवर न सोडता देशभर एकच ठरायला हवेत.