कर्जफेड आणि कर्णा

प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील युवकांचा एक गट आम्हांस भेटावयास आला. मनोर-विक्रमगड मार्गे जव्हारपर्यंत सायकलने जायचे, प्रत्येक स्वाराने आप्तेष्टांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची आणि जमलेला निधी तिकडील पाड्यांवरील कुटुंबांच्या अन्नधान्यासाठी वापरायचा, अशी त्यांची योजना होती. रंगीत बनियन, कापडी फलक, निरोपाला बँड आणि परतल्यावर सत्कार हेही ओघाने आलेच. आम्ही तत्काळ होकार दिला. त्या होकारात थोडी हौस आमचीही होती, हे कबूल केले पाहिजे.

रविवारच्या मिस्सानंतर घोषणा झाली, तेव्हा एक वयोवृद्ध बागायतदार आमच्याजवळ आले. वसईची केळी आणि भाजी सायकलच्या कॅरिअरवर बांधून पहाटेची गाडी गाठणाऱ्या पिढीतले ते. सायकलीचे कौतुक त्यांना असण्याचे कारणच नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, सोसायटीचं कर्ज फेडायला कुणी बँड लावून जातं का?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र आमच्यासोबत घरी आला.

वास्तविक, हे सारे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी श्रीमंतांना बजावले होते, की तुमच्या कोठारात साठलेली भाकर भुकेल्याची आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याची तर्कशुद्ध मांडणी केली. पराकोटीच्या गरजेच्या प्रसंगी सर्व वस्तू सामाईक होतात. म्हणून प्राण वाचविण्यासाठी दुसऱ्याचे घेणारा खऱ्या अर्थाने चोर ठरत नाही. परीक्षेत आम्ही हे उत्तर बिनचूक लिहिले होते. त्यावरून ओघानेच येणारी गोष्ट त्या शेतकऱ्याला न शिकता ठाऊक होती. जे मुळात त्यांचेच आहे ते परत करताना दात्याचा आव कसा आणायचा? प्रभू येशूने दान देताना कर्णा वाजवू नका म्हटले. आम्ही तर देणे फेडताना वाजवणार होतो.

शिवाय ते देणे आता कायद्यानेही मान्य केले आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्या वेळी देशात धान्य नव्हते असे नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते, की अन्न असूनही माणसे उपाशी मरतात, कारण ते मिळविण्याचे साधन वा हक्क त्यांच्या हाती नसतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो धान्य हा हक्क ठरविला. तरीही कुणाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते, कुणाच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, आणि कुणी वीटभट्टीवर स्थलांतर केलेले असते. धान्य आणि ताट यांच्यामध्ये असे बरेच अंतर पडलेले आहे.

या अंतराच्या विचारानेच आम्ही थबकलो. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या नावाने जे कार्य उभे राहिले त्याचा पाया घातला, तेव्हा त्यांनी गरिबाला आपल्या दारी बोलाविले नाही. ते त्याच्या घरी गेले. घेणेकऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कर्ज हे कर्ज वाटतच नाही. पाकिटात घातलेली नोट जव्हारला पोहोचेल, पण ती घालणारा वसईतच राहील. तेव्हा सायकलीने जाणे अगदीच निरर्थक नव्हते. मात्र त्या श्रमाला आम्ही तप म्हणावे का, याविषयी आम्ही आजही साशंक आहोत. आमच्या मागून केळी, पाणी आणि ग्लुकोजचे पुडे घेऊन टेम्पो येणार होता. दमलेल्याला त्यात बसता येणार होते. डोक्यावर धान्याची गोणी घेऊन पाड्याची चढण चढणाऱ्या बाईमागून टेम्पो येत नाही. स्वेच्छेचा उपवास आणि लादलेली भूक यांना एकाच नावाने हाक मारणे हा प्रायश्चित्तकाळातील आपणा सर्वांचाच एक सुखद भ्रम आहे.

शेवटी आम्ही बैठक बोलाविली आणि बँड, फलक, सत्कार रद्द केले. निधीचा काही भाग धान्याऐवजी, शिधापत्रिकेच्या कामासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांचे गाडीभाडे व बुडालेली मजुरी यांसाठी ठेवला. युवकांपैकी काहींना ते पटले. काहींनी नावे काढून घेतली. ज्या व्यापाऱ्याने बनियनवर आपले नाव छापण्याच्या अटीवर मोठी रक्कम देऊ केली होती, त्यानेही अंग काढून घेतले. निम्म्याहून कमी स्वार निघाले आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी पैसे जमले.

वाचकहो, ही खंत आमची आम्हांलाच वाहावी लागते. आमचा निर्णय शुद्ध होता असे म्हणावे, तर त्या शुद्धतेची किंमत कोणी मोजली? आम्ही नव्हे. एखाद्या पाड्यावर तांदळाची आणखी काही पोती उतरली असती. बँडचा आवाज भुकेल्या पोराला लागला असता का? ज्या प्रभूने कर्ण्याला मनाई केली, त्यानेच मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलेत का, असेही विचारले आहे, आणि त्या प्रश्नात देणाऱ्याच्या हेतूची चौकशी नाही. आम्ही दुसरे वाक्य बाजूला सारून पहिले पाळले, असा आरोप कुणी केला तर आमच्यापाशी पुरते उत्तर नाही.

पाड्यावर पोहोचल्यावर एका वृद्धेने टेम्पोकडे आणि घामाघूम झालेल्या पोरांकडे आळीपाळीने पाहिले. "गाडी हाय ना? मंग सायकलीवर कशाला आलात?" तिने विचारले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग त्यांतल्या एकाने तिच्याकडून रेशन दुकानाची वाट विचारून घेतली आणि सायकल तिथेच ठेवून तो ती वाट चालून आला. परतायला त्याला बराच उशीर झाला. येताना तो काही बोलला नाही.

यंदा तोच मुलगा पुन्हा आमच्याकडे आला आहे. बँड असावा, असे त्याचे म्हणणे आहे. बैठक येत्या रविवारी आहे आणि त्या वृद्ध बागायतदारांनाही आम्ही बोलाविले आहे.