स्वतःला दिलेला शब्द

मला पळायला आवडत नाही. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांनी मला धावपटू समजण्याची भीती नाही. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी करंज्या बंद केल्या आणि रस्ता दाखविला. तेव्हापासून पहाटे पालमहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मास्तर अनिच्छेने पळताना दिसतो. तो मीच.

आरंभ विजेच्या खांबांनी झाला. एक खांब पळायचे, एक खांब चालायचे. महिन्याने दोन पळायचे, एक चालायचे. पुढे खांब सुटले आणि किलोमीटरचे दगड आले. ही वाढ सावकाशच हवी. छातीचा भाता काही आठवड्यांत तयार होतो. सांधे आणि हाडे मात्र भार सोसायला महिने घेतात. दम पुरतो म्हणून जो एकदम अंतर वाढवितो, त्याला नडगी घरी बसविते.

दोन वर्षांनी मी तिसऱ्या दगडाला शिवून परत येऊ लागलो. सहा किलोमीटर झाले, पण आवड काही उपजली नाही.

एका पहाटे दुसऱ्या दगडापाशीच मन म्हणाले, "पुरे." मी फिरलो. घरी सौभाग्यवतींनी चहा पुढे करीत विचारले, "झालं का हो पळून?" मी म्हणालो, "झालं." त्याच दिवशी वर्गात एका पोराची गणिते अपुरी होती. "सर, उद्या करतो," तो म्हणाला. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते; त्या दिवशी जीभ उचलेना.

मी फसविले तरी कोणाला? दुसऱ्याला दिलेला शब्द हे कर्ज असते. माफ करायचे तर सावकाराने करावे, कुळाला तो अधिकार नाही. पण स्वतःला दिलेल्या शब्दात सावकारही मी आणि कूळही मीच. पाय दुखले की कर्ज माफ! मग त्याला शब्द तरी का म्हणावे?

काहींचा सावकार बाहेर उभा असतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरांवरच्या शाळेत वाहन नाही म्हणून पायी, पळत जाई. शाळेची घंटाच त्याला बोलावी. त्याच अविनाशने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. साठी ओलांडलेल्या लता करे बारामतीला लुगडे नेसून अनवाणी धावल्या, त्या पतीच्या औषधोपचारासाठी. मला ना घंटा, ना तसली निकड.

पुष्कळ दिवस विचार केल्यावर वाटले, माझाही सावकार आहे. फक्त तो त्या दगडापाशी हजर नसतो. तो म्हणजे दहा वर्षांनंतरचा मी. हेच गुडघे, हेच रक्त त्याला वापरायचे आहे. त्याच्या वतीने कर्ज माफ करणारा आजचा मी कोण? आणि कर्ज तरी एकदम कोण देतो? आधी एका खांबाचा शब्द पाळला, मग दोहोंचा, मग दगडाचा. अंतर वाढले तशी माझी माझ्यापाशी पत वाढली. ती त्या पहाटे एका दगडाने घटली, एवढेच खरे.

आणि आवड नाही, याचे वाईट वाटण्याचेही कारण उरले नाही. चकली खाईन असा शब्द कोणी स्वतःला देत नाही. जेथे आवड आपण होऊन चालत येते, तेथे शब्दाचे कामच नसते.

शेवटी सौभाग्यवतींना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं मला. सदरा कोरडाच होता त्या दिवशी."

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे घरोघर उटणे भिजत होते. आज सुट्टी घ्यावी, असे फार वाटले. पण ती द्यायला सावकार जागेवर नव्हता. तिसऱ्या दगडाला हात लावून परतलो, तेव्हा न्हाणीघरातले पाणी निवत आले होते आणि पोरांचे फटाके निम्मे संपले होते. घरच्यांनी खूप बोलून घेतले. मी निमूटपणे ऐकून घेतले आणि अंगाला तेल लावायला बसलो.