चावडीवरची यादी आणि अमानत

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके गेली, जमिनी खरवडून निघाल्या. पंचनामे झाले, शासनाने मदत जाहीर केली. अशा प्रत्येक मदतीबरोबर एक प्रश्न उभा राहतो : कोणाला किती रक्कम मिळाली, याची यादी चावडीवर लावावी काय? काही सज्जन म्हणतात, गरजवंताचे नाव चारचौघांत उघडे करू नये. दान गुप्तच उत्तम.

या भावनेला आधार आहे. सूरह अल्-बकराची २७१ वी आयत उघड दानाला चांगले म्हणते आणि गोरगरिबांना गुपचूप देणे त्याहून चांगले ठरविते. परंतु ही शिकवण स्वतःच्या कमाईतून देणाऱ्यासाठी आहे. शासकीय मदत सर्वांच्या करातून जमलेल्या तिजोरीतून येते आणि ज्याचे नुकसान झाले त्याचा तो हक्क असतो. हक्क घेण्यात लाज कसली? ती वाटणारा अधिकारीही दाता नव्हे, अमानतदार आहे. अमानतदाराने हिशेब लपवू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इब्नुल्-लुत्बिया यांना जकात वसुलीसाठी पाठविले. परतल्यावर त्यांनी काही माल जमा केला आणि काही आपल्याला भेट मिळाला म्हणून वेगळा ठेवला. प्रेषितांनी (स.) ही बाब मिंबरवरून सर्वांसमोर मांडली आणि विचारले की, असा मनुष्य आपल्या घरीच बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? मात्र त्या भाषणात त्यांनी त्या व्यक्तीचे नाव घेतले नाही. हिशेब उघड झाला, माणसाची अब्रू राखली गेली. पुढे ह. उमर (रजि.) यांनी दीवान सुरू केला. बैतुलमालमधून कोणाला किती द्यायचे, हे त्यात नावानिशी लिहिलेले असे.

आपल्या देशात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ हेच सांगते : अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील शासनाने स्वतःहून प्रसिद्ध करावा. त्यासाठी नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि रक्कम पुरेशी आहे. आधार क्रमांक, बँक खाते, घरातील कर्ज वा आजारपण झाकलेलेच राहावे. जालना जिल्ह्यात अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि तलाठी निलंबित झाले. बनावट नाव कार्यालयात खपून जाते. गावात कोणाचे शेत कोठे आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असते.

तरीही यादी सर्व काही सांगत नाही. ती सातबाऱ्यावरचे नाव दाखविते. ज्याने बटईने जमीन कसली, स्वतःच्या पैशाने बी-खत घातले आणि सर्व गमावले, त्याचे नाव तीत नसते. आपत्तीच्या निकषांप्रमाणे पिकाच्या नुकसानीची रक्कम (२०२५ मध्ये कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये होती) मालकाच्या खात्यात जमा होते आणि कोणताही कायदा त्याला दोष देत नाही. येथे तलाठ्याची नोंदवही थांबते आणि तक्वाची परीक्षा सुरू होते.

सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचविण्याची आज्ञा आहे. तेव्हा वाचकहो, यादीत आपले नाव असेल तर ते निःसंकोच वाचू द्या. दुसऱ्याचे नाव खोटे दिसले तर पुराव्यासह विचारा. निव्वळ संशयावरून कोणाची बदनामी करू नका. आणि आपली जमीन दुसऱ्याने कसली असेल, तर रक्कम खर्च करण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन त्याचा वाटा पोहोचवा.