सात मीटर

प्रवासाहून आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देता देता आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की किती वेळ लागला? जणू वेळ जितका थोडा, तितका प्रवास चांगला. माझाही हा समज वर्षानुवर्षे पक्का होता. त्याला धक्का दिला तो ग्रीसच्या दोन बेटांमधल्या अंतराने.

क्रीट बेटावरील हेराक्लिऑनपासून सँटोरिनी बेट सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर आहे. वेगवान बोट हे अंतर दोनेक तासांत कापते. इंजिनाच्या विमानाला अर्धा तास पुरावा. पण २३ एप्रिल १९८८ रोजी एका विमानाला त्यासाठी जवळजवळ ३ तास ५५ मिनिटे लागली! कारण त्या विमानाला इंजिनच नव्हते. कानेलोस कानेलोपुलोस हा ग्रीक सायकलपटू आत बसून पाय मारीत होता आणि त्याच्या पायांच्या बळावर पंखा फिरत होता. विमानाच्या पंखांचा पसारा ३४ मीटर, वजन मात्र अवघे ३१ किलो. अमेरिकेतील एमआयटीच्या मंडळींनी ते बांधले होते आणि नाव ठेवले होते ‘डेडॅलस’.

हे नाव ग्रीक पुराणातले. क्रीटच्या राजाच्या कैदेतून सुटण्यासाठी डेडॅलसने पिसे आणि मेण यांचे पंख केले. स्वतःला आणि इकॅरस या आपल्या मुलाला लावले. मुलगा सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. बाप सुखरूप पोहोचला.

‘सुखरूप’ हा शब्द लिहिताना लेखणी अडखळते. पोहोचला खरा, पण एकटा! उलट कानेलोपुलोस सँटोरिनीच्या काठाशी आला तेव्हा वाऱ्याच्या झोताने विमानाची शेपटी मोडली आणि ते किनाऱ्यापासून अवघ्या ७ मीटरांवर पाण्यात कोसळले. तो पोहत काठाला लागला. मोजपट्टी म्हणेल, विमान पोहोचले नाही. पण त्याला अपयशी म्हणायला जीभ धजत नाही.

मग प्रवासाचे मोल ठरवायचे कशाने? कष्टाने, असे उत्तर चटकन ओठांवर येते. पण ते पुरते खरे नव्हे. वारा पिसाळला की त्या समुद्रात बोटी बंद राहतात. अशा वेळी आजारी मूल उराशी धरून बसलेल्या आईला चार तासांच्या तपश्चर्येचे गोडवे कोणी सांगावेत? तिच्यासाठी अर्ध्या तासात येणारे विमान ही करुणाच होय. सायकलपटूने कष्ट स्वतः निवडले होते. तिच्यावर ते लादलेले असतात. दुसऱ्यावर लादलेल्या कष्टांत सौंदर्य पाहणे हा सुखवस्तू माणसाचा निर्दयपणा आहे.

म्हणून मला वाटते, दुसऱ्याची वाट होईल तेवढी लहान करावी. स्वतःची मात्र कधी कधी लांब राहू द्यावी. व्यवहारात आपण बरोबर उलटे करतो. आपली पाच मिनिटे वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा, आणि दुसऱ्याला तासभर ताटकळत ठेवताना काहीच वाटत नाही!

परवा एक पाहुणे आले. तांब्या पुढे केला; नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला आणि विचारले, “वाटेत काय काय पाहिलंत?”

ताटे मांडून झाली तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते.