हरकत आणि संमति

एखादें गांव शहराच्या हद्दींत घ्यावयाचें असलें, दोनतीन शहरांची मिळून एक महानगरपालिका करावयाची असली, किंवा एका जिल्ह्याचे दोन जिल्हे पाडावयाचे असले, म्हणजे सरकारच्या वतीनें एक जाहीर सूचना प्रसिद्ध होत असते. नगरपालिकेच्या हद्दीचा प्रश्न असला तर तींत सर्व्हे नंबर असतात, चतुःसीमा असतात, आणि ज्यांस कांहीं हरकत असेल त्यांनीं ती ठराविक मुदतींत लेखी कळवावी, असें शेवटीं सांगितलेलें असतें. मुदत संपते, आलेल्या हरकतींचा विचार केल्याची नोंद होते, आणि नवी हद्द अमलांत येते. कायद्याच्या दृष्टीनें रहिवाशांस विचारलें गेलें, यांत शंका नाहीं. नीतीच्या दृष्टीनें तें विचारलें गेलें काय, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

“हरकत नाहीं” हे आपल्या भाषेंतील दोन शब्द मोठे सोयीचे आहेत. शेजाऱ्यानें मुलीच्या लग्नाचा मांडव आपल्या अंगणांत थोडा पुढें घेऊं काय म्हणून विचारलें, तर आपण “हरकत नाहीं” म्हणतों, आणि तो ती आपली संमति समजतो. घरगुती व्यवहारांत हें शोभतें. कारण तेथें परस्परांची ओळख असते, आणि मांडवाचा उपद्रव झालाच तर दुसऱ्या दिवशीं तसें तोंडावर सांगतां येतें. राज्यकारभारांत मात्र हरकत नसणें आणि संमति असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हरकत न घेणारा मनुष्य मनापासून राजी असेल, अगदीं बेफिकीर असेल, किंवा ती सूचना त्याच्या दृष्टीसच पडली नसेल. तिघांचेंही मौन कागदावर सारखेंच दिसतें, आणि त्या मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्यानें प्रश्न विचारला त्याच्याच हातीं राहतो.

ह्या विषयाचा विचार करण्यास सातारा व सांगली हे जिल्हे विशेष सोयीचे आहेत. कारण गेल्या पाऊणशें वर्षांत येथील हद्दी पुष्कळदां बदलल्या. १९४८ सालीं सांगली, मिरज, औंध इत्यादि संस्थानें मुंबई राज्यांत विलीन झालीं. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. १९९८ च्या फेब्रुवारींत सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. सातारा शहराची बरींच वर्षें रेंगाळलेली हद्दवाढ २०२० सालीं मंजूर होऊन शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या भोंवतालच्या वस्त्या शहरांत आल्या. कुंडल येथें संस्थानी अमलांत जन्मलेल्या माणसानें आपलें घर न सोडतां औंध संस्थान, दक्षिण सातारा आणि सांगली जिल्हा असे तीन पत्ते पाहिले. प्रत्येक वेळीं बदलास कारण होतें, आणि बहुतेक वेळीं तें कारण चांगलेंही होतें.

रहिवाशांस विचारण्याची फारशी जरूर नाहीं, असें मानणारांची बाजू दुबळी आहे असें कोणीं समजूं नये. पाणी, गटारें आणि रस्ते हद्द ओळखीत नाहींत. २००५ व २०१९ सालीं कृष्णेचा पूर सांगलींत शिरला तो प्रभागांचे नकाशे पाहून शिरला नाहीं. शहराच्या वेशीबाहेर घर बांधून शहराची मंडई, शाळा व दवाखाने वापरावे आणि शहराचा कर मात्र देऊं नये, हें न्यायाचें नव्हे. तरी तेथील लोकांस विचारलें तर पुष्कळजण त्यालाच कौल देतील. प्रत्येक वस्तीच्या मर्जीवर हद्द ठरवावी म्हटलें, तर शहराची गोधडी होईल. तेव्हां रहिवाशांस एकट्यानें नकार देण्याचा अधिकार असावा, असें मलाही वाटत नाहीं.

परंतु नकाराचा अधिकार नाहीं म्हणून विचारले जाण्याचाही अधिकार नाहीं, असें ठरत नाहीं. शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं वैद्य रोग्यास सर्व समजावून त्याची संमति घेतो, ती रोग्यास वैद्यकाचें ज्ञान अधिक असतें म्हणून घेत नाहीं. शरीर रोग्याचें आहे, आणि पुढचें पथ्य त्यालाच पाळावयाचें आहे, म्हणून घेतो. गांवाच्या व्यवस्थेचेंही असेंच आहे. नव्या हद्दींतील कर रहिवाशांनींच भरावयाचा असतो, आणि नव्या सभेंत माणसें त्यांनींच पाठवावयाचीं असतात. ज्या रचनेंत आपला हात लागला नाहीं तिच्याकडे मनुष्य भाडेकऱ्याच्या दृष्टीनें पाहतो. छप्पर गळूं लागलें तर मालकानें पाहून घ्यावें, असें म्हणतो. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावांतही स्थानिक स्वराज्याचें पहिलें प्रयोजन कारभाराची सुधारणा हें मानलें नसून लोकांचें राजकीय शिक्षण हें मानलें होतें. परक्या सरकारास जें कळलें होतें तें स्वराज्यांत विसरलें जावें, हें खेदाचें आहे.

शिवाय अशा बदलांत लोकांचें नेमकें काय जातें, ह्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. शाहूपुरी ग्रामपंचायत होती तोंपर्यंत तेथील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद होता. १९९३ पासून अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें त्या सभेस घटनेंत स्थान मिळालें. तेथें उभें राहून सरपंचास खर्चाचा जाब विचारतां येत असे. ग्रामसभा ओस पडतात, तेथें गटबाजी चालते, हें सर्व खरें. तरी बसण्याची जागा राखलेली होती. गांव शहरांत गेल्यावर त्याला नगरसेवक मिळतो, पण ती जागा मिळत नाहीं. शहरांत त्या तोडीची सभा व्यवहारांत अद्याप रुजलेली नाहीं. हद्दवाढीवरील वादांत घरपट्टी किती वाढेल ह्याची चर्चा हिरीरीनें होते. सभासदाचा नुसता मतदार होतो, ह्याविषयीं क्वचितच कोणी बोलतो.

लोकांस निराळ्या रीतीनें विचारतां येतें, ह्याचें उदाहरण ह्याच मुलखांत घडलें आहे. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें, आणि १९३९ च्या आरंभीं संस्थानास नवी राज्यघटना दिली. तिच्यामागें महात्मा गांधींचें मार्गदर्शन होतें. युवराज आप्पासाहेब पंत आणि पोलंडांतून हिंदुस्थानांत आलेले मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांचे परिश्रम होते. संस्थान लहान, सुमारें बहात्तर गांवांचें आणि तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, कुंडल व आटपाडी सांगली जिल्ह्यांत. गांवानें पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, आणि तालुक्यांतून संस्थानचें विधिमंडळ उभें राहावें, अशी ती रचना होती. पायापासून कळसाकडे जाणारी ही योजना, आणि तिचा पाया गांव.

हें स्वराज्य वरून मिळालें, लोकांनीं मागितलें नव्हतें, असा आक्षेप घेतां येईल, आणि तो खरा आहे. पण मला महत्त्व वाटतें तें निराळ्या गोष्टीचें. “तुमची कांहीं हरकत आहे काय?” एवढेंच विचारून औंधचा राजा थांबला नाहीं. “हा कारभार तुम्ही कसा चालवाल?” असा त्याचा प्रश्न होता. पहिल्या प्रश्नानें मनुष्य तक्रारदार होतो. दुसऱ्यानें तो कर्ता होतो. ज्याला गांवांतील तंटा स्वतः मिटवावयाचा आहे, त्याला शेजाऱ्याची बाजू ऐकावीच लागते. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची भिंतींवांचून वसाहत उभी राहिली, तिच्याही मुळाशीं हेंच तत्त्व होतें. विश्वास टाकल्यावांचून मनुष्य विश्वासास पात्र होत नाहीं.

पुढें १९४८ सालीं औंध विलीन झालें, आणि तेथील पंचायती मुंबई राज्याच्या सर्वसाधारण व्यवस्थेंत मिसळून गेल्या. देश एक होणें हें मोठें हित होतें. त्यापुढें एका लहान संस्थानाची व्यवस्था टिकावी असा हट्ट कोणीं धरला असता तर तो चुकला असता. पण मोठें हित साधतांना लहान हित हरवलें, तर निदान त्याची नोंद तरी व्हावी. बहात्तर गांवांनीं नऊ वर्षांत जें शिकून घेतलें तें नव्या व्यवस्थेंत कोठें ठेवावें, हाही एक प्रश्नच होता.

स्वराज्य दिलें गेलें त्याच मुलखांत तें घेतलेंही गेलें. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चाललें, आणि कुंडल हें त्याचें एक मुख्य ठाणें होतें. गांवांत न्यायदान मंडळें बसलीं, तंटे तेथेंच मिटूं लागले. लोकांनीं त्यास “पत्री सरकार” हें नांव दिलें, त्यांत कौतुक होतें तसा धाकही होता. सरकारी कचेरी दूर सारून गांव आपला कारभार पाहूं शकतें, हें त्यानें सिद्ध केलें. परंतु गुप्तपणें चालणाऱ्या सत्तेस, ती कितीही लोकांची असली तरी, उघड सभेंत जाब विचारणें कठीण असतें, हेंही त्यावरून दिसून येतें.

येथें एका थोर पुरुषाचा इशारा विसरून चालणार नाहीं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या स्तुतिपाठकांस कठोर उत्तर दिलें, आणि खेडें हें संकुचितपणाचें व जातीयतेचें आगर असल्याचें सांगितलें. “गांवाचें म्हणणें असें आहे” असें आपण म्हणतों, तेव्हां तें म्हणणें पुष्कळदां चावडीवर बसणाऱ्या चारपांच घरांचें असतें. म्हणून रहिवाशांस विचारणें म्हणजे पुढाऱ्यांस विचारणें नव्हे. कुपवाडच्या कारखान्यांत राबणारा व भाड्याच्या खोलींत राहणारा मजूर, गांवाबाहेरच्या वस्तींतील कुटुंब, पाण्यासाठीं नळावर उभी राहणारी स्त्री, हे सर्व त्या शब्दांत येतात. लेखी हरकत धाडण्याची संवय ज्यांस नाहीं, त्यांच्याकडे विचारणारानेंच चालत गेलें पाहिजे.

तेव्हां माझें म्हणणें थोडक्यांत असें. नकाशा पुरा होण्यापूर्वीं लोकांस विचारावें. बदलाचीं कारणें, खर्च आणि त्यांत जाणारे हक्क त्यांच्यापुढें त्यांना समजेल अशा भाषेंत मांडावे. त्यांचें म्हणणें फेटाळावयाचें झाल्यास कां फेटाळलें तें त्यांच्यासमोर उभें राहून सांगावें. आणि नव्या व्यवस्थेंत त्यांना कांहींतरी काम, कांहींतरी जबाबदारी स्वतःची म्हणून द्यावी. इतकें करूनही निर्णय विरुद्ध गेला, तर समंजस मनुष्य तो सोशील; कारण हरणें आणि वगळलें जाणें ह्यांतील अंतर त्याला कळतें.

हें तात्त्विक वाटत असेल त्यांनीं अलीकडच्या वर्षांकडे पाहावें. २०२२ नंतर महाराष्ट्रांतील बहुतेक नगरपालिका, महानगरपालिका व जिल्हा परिषदा लोकनियुक्त सभेवांचून प्रशासकांच्या हातीं राहिल्या; सातारा व सांगली त्यास अपवाद नव्हते. निवडणुका घ्या असें शेवटीं २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें. तोंपर्यंत रस्ते झाडले जात होते, दाखले मिळत होते, आणि सभागृह रिकामें होतें. त्या रिकाम्या सभागृहाची उणीव आपल्या घरांतून कितीशी बोलून दाखविली गेली? सरकारनें विचारलें नाहीं हा दोष सरकारचा. पण विचारलें जावें अशी इच्छाच आपल्यांतून नाहींशी झाली, तर तो दोष कोणत्याही नव्या रचनेनें दुरुस्त होणार नाहीं. जाहीर सूचना पुन्हा निघेल. तेव्हां आपलें मौन हें संमति म्हणून मोजलें जाणार आहे, एवढें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.